शेवटच्या क्वार्टरची मोरी

एका नालीवर चार घरं असली की गाळ साचतो, आणि त्याच्याबरोबर किस्सेही. आलापल्लीला जंगल खात्याच्या क्वार्टरांची आमची ओळ अशीच. आमचं घर शेवटचं, उताराचं. नाली तुंबली की चौघांचं पाणी आधी माझ्या मोरीतून वर येतं! एरवी मी बडबड करून मोकळी होते, पण यंदा लेक सुषमा बाळंतपणाला आली होती. घरात तान्हं बाळ आणि मोरीत चौघांची घाण. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

*

ओळीतलं पहिलं घर दुर्गाबाईंचं. त्या खरकटं सरळ मोरीत ओततात. त्यांच्याकडे काय शिजलं ते मला माझ्या मोरीत कळतं. एकदा झिंग्यांची टरफलं वर आली, तेव्हा मी तावातावानं भांडायला गेले.

"आमच्या घरचं पाणी तं मस्त जाते," त्या म्हणाल्या.

"जाते ना बाई. माह्या घरी येते!"

त्यांनी मला वाटीभर झिंग्यांची भाजी दिली. चांगली झाली होती, मग काय बोलणार!

*

आमचे हे वनरक्षक. बांबू असताना प्लंबर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मोरीची जाळी उचकटून त्यांनी बांबूची लांबलचक कमची आत सारली. ती आतच मोडली. ती काढायला दुसरी घातली, तीही मोडली. तिसरी आणायला निघाले तेव्हा मी विचारलं, "नालीत प्लांटेशन करून राह्यले का?"

पावसाच्या लोंढ्यानं दोन्ही कमच्या वाहून गेल्या आणि श्रेय ह्यांनी घेतलं. जाळी मात्र पुन्हा बसली नाही.

*

यंदाच्या पावसाळ्यात साप फार निघाले. आमच्याकडे झोपण्याआधी मोरीच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबायची पद्धतच आहे. दुर्गाबाईंनी डोकं लढवलं, चार घरांत चार बोळे कशाला? नाली मागच्या ओढ्यात जिथे उघडते, तिथेच त्यांनी संध्याकाळी एक पोतं ठोसून दिलं. आणि कोणाला सांगायचं विसरल्या!

सकाळी मी बाळाला न्हाऊ घालायला मोरीत पाय पसरून बसले. पायांवर बाळ, तेलानं माखलेलं. वरच्या तिन्ही घरांत अंघोळी चालू होत्या. पाणी खाली जाईना, उलट वर यायला लागलं. मी ह्यांना मागे नालीचं तोंड बघायला पिटाळलं.

तेवढ्यात भोकातून डोकं वर आलं. नाग. माझ्या टाचेपासून वीतभर.

उठावं तर पाय हलणार, बसून राहावं तर पाणी चढतंय. बाळ हातातून निसटत होतं. सुषमा टॉवेल घेऊन दारात आली.

"आत येऊ नोको. बोलू नोको," मी हळूच म्हटलं.

ती चौकट धरून उभी राहिली. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. बाळानं एक लाथ मारली असती तरी खेळ खलास होता. ते माझ्याकडे बघत मूठ चोखत होतं.

मागे ह्यांनी पोतं ओढलं. पाणी गरगरत खाली गेलं, आणि त्याच्यामागून नागही. मी हाताला आलेलं दुपटं भोकात कोंबलं, बाळाला छातीशी धरलं आणि रडत सुटले.

गलका ऐकून दुर्गाबाई ओल्या केसांनीच धावत आल्या. सगळं ऐकून घेतलं. ह्यांच्या हातातलं पोतं घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"पोतं पक्कं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून तं एकही साप आत नाई आला."