दस्तीखालचं स्वगत

"मॅडम, नाटक संपलं," माधव म्हणाला.

मी घड्याळ बघितलं. सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. नाटक तीन अंकी. शंभरेक वर्षं जुनं, चांगल्या नटांनी केलं तरी तीन तासांच्या आत न आटोपणारं. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. आम्ही त्याचे जे हाल केले ते वाचून जुन्या नाटकांचे जाणकार मला शोधत नांदेडपर्यंत येतील.

"संपलं म्हणजे?"

"सेनापतीला पकडलं की. आता काय उरलं?"

झालं होतं असं. नाटकात एक राजा, एक इमानी प्रधान आणि एक फितूर सेनापती. पहिल्याच अंकात सेनापती भर दरबारात म्हणतो, "महाराज, या किल्ल्यासाठी प्राण देईन." आणि लगेच प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, "उद्या पहाटे हाच दरवाजा मी शत्रूला उघडून देणार." याला आमच्या धंद्यात स्वगत म्हणतात. म्हणजे मनातलं बोलणं. ते प्रेक्षकांना ऐकू येतं आणि स्टेजवरच्या बाकीच्यांना येत नाही, असं सगळ्यांनी मिळून मानायचं असतं.

माधव प्रधान होता. त्यानं काही मानलं नाही. सेनापती झालेल्या शिवकन्येनं ते वाक्य टाकलं आणि हा तडक राजाकडे. "महाराज, ही बगा काय बोलून राहिली!"

राजा म्हणजे रेहान. तो म्हणाला, "हाव, मी पण ऐकलं." दोघांनी मिळून सेनापतीला तिच्याच ओढणीनं बाकाला बांधलं. नववी ब नं टाळ्या पिटल्या. किल्ला वाचला. उरलेले अडीच अंक बेकार झाले.

मला हसू आवरेना. खुर्चीत बसून, डोळे पुसत पुसत हसले. पण खरं सांगायचं तर तो दिवस हसण्याचा नव्हता.

मी शाळांमध्ये नाटक शिकवते. गॅदरिंगचे नाच बसवते ते वेगळं, ते पोटासाठी. हे शिकवणं आवडीचं. बाकं मागे सरकवायची, पुस्तक हातात घ्यायचं आणि उभं राहून जुनं नाटक करून बघायचं. अर्थ आधी सांगायचा नाही. करताना अडतं तिथेच तो सापडतो. पूर्वी माझ्याकडे तीन शाळा होत्या. दोन शाळांनी तास काढून घेतले. राहिली ही उदगीरची. दर शुक्रवारी नांदेडहून सकाळची एसटी धरायची आणि नववी ब मध्ये चाळीस मिनिटं जगायचं, एवढंच उरलं होतं.

त्याच सकाळी मुख्याध्यापक बिरादार सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"मॅडम, पालकांनी फोन करून करून डोकं खाल्लं. लातूरला नववीपासून नीट-जेईईचं फाउंडेशन सुरू झालं. आपण शुक्रवारी काय करून राहिलो? नाटक."

"सर, आठवड्यातली चाळीस मिनिटं आहेत."

"चाळीस मिनिटांत फिजिक्सचा एक चॅप्टर होतो."

"कोणाचा होतो?"

सर हसले नाहीत. "पुढच्या शुक्रवारी पालकसभा हाय. आप्पा येणार हायत. पंधरा मिनिटं तुम्हाला देतो. आप्पांना पटलं तर तास राहील. न्हाई तर सोमवारी टाइमटेबल बदललेलं दिसेल."

आप्पा म्हणजे संस्थेचे सचिव. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, आडत आता मुलगा बघतो. माणूस सज्जन, पण भाषण सुरू झालं की त्यांचे डोळे मिटतात ते आभारप्रदर्शनाला उघडतात. त्यांना पटवायचं तर आधी जागं ठेवायला हवं होतं. आणि माझं नाटक चार मिनिटांत संपत होतं.

म्हणून मी डोळे पुसले आणि कामाला लागले. "माधव, तुला ते ऐकू येत नाही असं धरायचं."

"कामून? हातभर अंतरावर उभा हाय मी. प्रधान बहिरा हाय का?"

प्रश्न रास्त होता. आम्ही उपाय करून बघितले. स्वगत चालू असताना बाकीच्यांनी पुतळ्यासारखं थांबायचं. रेहानला पुतळा झाल्याबरोबर खाज सुटली. मग प्रधानानं पाठ फिरवायची असं ठरलं. तर तो रुसल्यासारखा दिसायला लागला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "प्रधानाला जेवायला बोलवा रे." शेवटी माधवनं कानात बोटं घातली. तेव्हा शिवकन्या वैतागली. "आता तर महाराजांना कळंलच की मी कायतरी बोलून राहिले!"

तास संपायला दहा मिनिटं होती. मी हात टेकले आणि फळ्याला टेकून उभी राहिले.

"मॅडम," शिवकन्या म्हणाली, "दस्ती टाकू का?"

आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. शिवकन्येचे वडील जनावरांच्या बाजारात बैलांची खरेदी-विक्री करतात. तिनं रेहानकडून मोठी दस्ती मागून घेतली, माधवचा हात धरला आणि दोघांच्या हातांवर ती टाकली. "माझे पप्पा असंच करतात. वरून म्हणायचं, काय पाव्हणं, तुमच्याकडं पाऊस कसा हाय? आन् खालून बोटं दाबायची. किती बोटं, तेवढा आकडा. बाजूला शंभर माणूस उभा असतो. कोणालाच कळत न्हाई."

"आणि कोणी विचारलं तर?" मी म्हटलं.

"विचारत न्हाईत. दस्तीखालचं कोणी विचारत न्हाई."

मी तिला मिठीच मारली. वर्ग खिदळला तर खिदळू दे! वीस वर्षं मी स्वगताची व्याख्या सांगत होते आणि या पोरीनं ते रुमालात गुंडाळून हातात दिलं. वर एक, खाली एक, आणि मध्ये कापड. आम्ही नियम केला. मनातलं बोलायचं असेल तर नटानं हातावर दस्ती टाकायची आणि समोरच्या एका प्रेक्षकापुढे धरायची. त्यानं खाली हात घातला की सौदा त्या दोघांतला. बाकी दरबाराला ऐकू येत नाही.

माधवनं लगेच मान डोलावली. "असं सांगायचं ना मग आधीच."

पुढचा शुक्रवार. हॉल भरलेला. ठरलं होतं की शिवकन्या पहिल्या रांगेतल्या तिच्या मैत्रिणीपुढे दस्ती धरणार. पण बिरादार सरांनी ऐन वेळी मुलांना उठवलं आणि तिथे सोफा टाकला. सोफ्यावर आप्पा. त्यांच्या शेजारी सर. मागे पालक. आमच्यानंतर फाउंडेशनची माहिती द्यायला लातूरहून एक तरुण सर आले होते, ते कोपऱ्यात लॅपटॉप उघडून तयार होते.

बिरादार सरांनी प्रास्ताविक केलं. आप्पांचे डोळे मिटले.

नाटक सुरू झालं. रेहान सिंहासनावर, म्हणजे स्टाफरूमच्या खुर्चीवर. शिवकन्येच्या कमरेला किल्ल्याची किल्ली, म्हणजे शाळेच्या गेटची जुनी, वीतभर लांब. तिनं खणखणीत आवाजात प्राण द्यायचं वचन दिलं. मग वळली. मैत्रीण जागेवर नाही. पण पोरगी थांबलीच नाही. सरळ सोफ्यापुढे गेली, हातावर दस्ती टाकली आणि आप्पांपुढे धरली.

आप्पांनी डोळे उघडले. समोर दस्ती. त्यांनी कोण, काय, काही विचारलं नाही. हात आपसूक खाली गेला.

हॉलमध्ये हशा पिकला. शिवकन्या गंभीरपणे म्हणाली, "उद्या पहाटे दरवाजा मी शत्रूला उघडून देणार. सौदा तुमचा आन् माझा." आणि मागे सरली. दस्ती आप्पांच्या हातावर तशीच राहिली. आप्पांनी खाली बघितलं, कापडाखाली मूठ वळली आणि त्यांचा चेहरा बदलला.

तेव्हा माझं लक्ष शिवकन्येच्या कमरेकडे गेलं. किल्ली तिथे नव्हती. हे आम्ही बसवलेलं नव्हतं!

"प्रधानजी!" मागून एक बाई ओरडल्या. "ती दरवाजा उघडणार हाय!"

माधव त्यांच्याकडे वळून अदबीनं म्हणाला, "मावशी, मला दस्तीखालचं ऐकू येत न्हाई." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो स्टेजवरून उतरला आणि आप्पांपुढे हात जोडून उभा राहिला. हेही बसवलेलं नव्हतं. "आप्पा, दस्ती दिसून राहिली. आत काय सौदा झाला?"

आप्पांनी नकारार्थी मान हलवली. "दस्तीखालचं सांगत नसतात."

"राज्याचा प्रश्न हाय."

"असू द्या."

"आप्पा, सांगा की!" हा आवाज बिरादार सरांचा होता. सर उभे राहिले होते. "राज्य जाऊन राहिलं! थांबा, मीच सांगतो. माधव, ऐक..."

"बिरादार सर, खाली बसा," आप्पा म्हणाले. "दस्तीत हात तुमचा न्हवता."

सर बसले. पण हॉल बसला नाही. अर्धे पालक म्हणत होते, सांगा. अर्धे म्हणत होते, सांगायचं नसतं, तशी रीतच न्हाई. एक पागोटेवाले आजोबा उठून म्हणाले, "आमच्या तरुणपणी आडतीत बी असाच सौदा व्हायचा. एकानं फोडला, तर पुन्हा त्याच्या दस्तीत कोणी हात घातला न्हाई." त्यावर त्यांच्याच सुनेनं विचारलं, "मग किल्ला गेला तर चालंल का?" मी भिंतीला टेकून उभी होते. हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही.

आणि मध्ये आप्पा. मांडीवर झाकलेली मूठ घेऊन बसलेले. त्यांना खरोखर घाम फुटला होता. पन्नास वर्षांची बाजारातली पत एका बाजूला आणि रेहानचं राज्य दुसऱ्या बाजूला.

शेवटी ते उठले. सावकाश स्टेजवर गेले. "सौदा मोडला," म्हणाले आणि हात झटकला. दस्ती खाली पडली. तळहातावर किल्ली.

"मी कायबी सांगितलं न्हाई," आप्पा म्हणाले. "दस्ती काढली, एवढंच. ही किल्ली तुमची का बगा, प्रधानजी."

टाळ्यांचा, शिट्ट्यांचा नुसता गोंधळ उडाला. रेहान ताडकन उठला, "पकडा सेनापतीला!" माधव ओढणीकडे धावला.

"थांबा रे," आप्पांनी हात वर केला. "आधी तिला विचारा. कामून केलं?"

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेनापती फितूर का झाला, हा त्या नाटकाचा अख्खा दुसरा अंक आहे. तो आम्ही वर्गात उघडलाही नव्हता. शिवकन्येनं तो घरी वाचला होता. का, तर तिला सेनापतीचा राग येत होता आणि अशा माणसाचं काम नीट करता येईना म्हणून. ती राजासमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. अर्धी वाक्यं पुस्तकातली, अर्धी तिची. "महाराज, तीन लढाया मी मारल्या. दरबारात माझ्या बापाला बसायला जागा न्हाई दिली. दारात उभं केलं त्याला. तुम्ही बगितलं आन् मान वळवली." रेहानला उत्तर पाठ नव्हतं. त्यानं मान खाली घातली, आणि तेच उत्तर होतं.

शिपाई तासाची घंटा द्यायला आला तेव्हा बिरादार सरांनी त्याला हातानंच हाकललं. पंधरा मिनिटांची पन्नास झाली. फाउंडेशनच्या सरांची वेळ निघून गेली. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, "मॅडम, तिसऱ्या अंकात काय होतं?"

सोमवारी टाइमटेबल बदललं. फाउंडेशन शनिवारी सकाळी गेलं, शुक्रवारचा तास जागेवर राहिला. मला फोनवर कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते, ती तशीच टाकून घरभर नाचले. बिरादार सरांची एकच अडचण होती. रजिस्टरमध्ये अध्ययन निष्पत्तीचा रकाना असतो, म्हणजे तासातून मुलं काय शिकली ते लिहायचं. "काय लिहू, मॅडम?"

"लिहा, विद्यार्थ्यांना स्वगत समजले."

"आन् पालकांना?"

"त्यांचा रकाना आहे का?"

"न्हाई," सर म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

स्वगत प्रेक्षकांनी नुसतं ऐकून सोडायचं असतं, असं मी वीस वर्षं शिकवत आले. साफ चूक. ते एकाला तरी खरोखर ऐकू जातं आणि तिथून त्या माणसाची पंचाईत सुरू होते. नाटक शिकवायचं म्हणजे ती पंचाईत कोणाच्या तरी हातात ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. मी मात्र मध्ये उभी राहून व्याख्या सांगत होते, एवढीच माझी अडचण होती.