ताई काचेच्या छिद्रांत काय बघायची

ताईच्या पिंडाला आज कावळा शिवला नाही.

माझ्यामुळे शिवला नाही, असं मला वाटतंय. हसायचं तर हसा.

आज तिचा दहावा होता. खाडीच्या काठावर सगळे लांब उभे. कावळे समोरच्या सुरूच्या झाडावर, एकही खाली येईना.

अशा वेळी गेलेल्याच्या मनात राहिलेलं घरच्यांनी बोलायचं असतं. मी बोललो. आईला मी बघेन. तुझी स्कूटी विकणार नाही. तुझ्या मांजरीला पण सांभाळेन.

कावळे ढिम्म.

आत्या म्हणाली, "आरं, तिचा जीव कामात व्हता. कामाचा बोल."

ताई पालघरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि उरलेल्या वेळात रिसर्च करायची. माझं ज्ञान तिथे संपलं.

तरी मी हात जोडून, चारचौघांत, मोठ्याने म्हणालो, "ताई, तुझं ते टीव्हीच्या काचेचं काम आम्ही पूर्ण करू."

मागे तिची वाणगावची विद्यार्थिनी उभी होती. तिने मान खाली घातली.

कावळे उडून गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्खा भाऊ मी. बोईसरच्या कंपनीत दिवसभर टेम्परेचरच बघतो, आणि ताईचा विषय टेम्परेचरचाच निघाला.

त्या मुलीला घरी सोडताना लाज गुंडाळून ठेवली आणि विचारलं. तिने ताईच्याच शब्दांत सांगितलं.

काम टीव्हीचं नव्हतंच, टीव्हीच्या पडद्यात असतं त्या लिक्विड क्रिस्टलचं होतं. लिक्विड क्रिस्टल म्हणजे वाहणारं, पण आतले कण एका दिशेला तोंड करून उभे. मैदानावर कवायतीला उभ्या पोरांसारखे. तापवलं की ठरावीक टेम्परेचरला, शिट्टी वाजल्यासारखी, कवायत एकदम मोडते.

तेच बारीक छिद्रांच्या काचेत भरलं, तर जणू तीच पोरं आमच्या कोळीवाड्याच्या गल्ल्यांत उभी केली. आता एका शिट्टीवर काही मोडत नाही. एक गल्ली आधी पांगते, दुसरी नंतर. आणि भिंतीला टेकलेले कण बाकीचे पांगले तरी रांग धरून राहतात.

"छिद्र आणखी बारीक केलं तर ते कुठवर धरून राहतात, हे मॅडम मोजत होत्या," ती म्हणाली. "सॅम्पल लॅबमध्येच आहे, दादा. मी पुरं करते."

मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. इतकं सोपं होतं. ताई जेवता जेवता सांगू शकली असती, कोणी विचारलं असतं तर.

घरी आलो तर दारातच आत्या. "टीवीचा काम करशील ना पुरा?"

म्हटलं, टीव्ही नाही, आत्या. मी खोटं बोललो. बस इथे.

मैदान सांगितलं. शिट्टी सांगितली. गल्ल्या, भिंती, सगळं.

आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे पोर आपल्या गल्ल्याच बघत व्हती त्या काचेत."

हो, आत्या.

ताई, मला माफ कर. आता निवांत जा. आत्याला कळलंय.