देवगावचा की देवगावची

मी दगडावर अक्षरं कोरते. औरंगपुऱ्यातलं दुकान वडिलांचं. ते गेल्यावर मी चालवलं, आणि बाई छिन्नी कशी धरते हे बघायला जो कुणी यायचा, त्याला आधी दगडाचं दुसरं टोक उचलायला लावायचे. शहर सुटल्यासारखं वाढत होतं. नवी वसाहत, नवी कमान, रोज कसलं तरी भूमिपूजन. प्यायला पाणी नव्हतं, पण कोनशिलांना तोटा नव्हता.

त्या दुष्काळात क्रांती चौकाच्या अलीकडच्या वळणावर अम्मा उभी असायची. अम्मा तृतीयपंथी होती. दुकानादुकानांतून टाळी वाजवून जे मिळेल त्यातून ती टँकर मागवायची, रस्त्याकडेचे रांजण भरायची आणि नळी स्वतःच्या हातात धरून रांग लावायची. कुणी मध्ये घुसलं की तिची टाळी वाजे आणि भलेभले कळशी घेऊन निमूट मागं जात. आमच्या घरचं पाणी तिच्याच नळीतून यायचं. पण लोकांची गंमत बघा. तिच्याशी बोलताना सगळे क्रियापद गिळायचे. 'अम्मा, टँकर कधी?' एवढंच. आणतेस म्हणावं की आणतोस, हा प्रश्नच नको. पाणी मात्र घागरभर.

अम्मा गेली. नंतर रस्ता रुंद झाला आणि रांजणही गेले. मग एका दुपारी तिची चेली दुकानात आली. अम्मानं पोटच्यासारखी सांभाळलेली ही एकच मागं उरली होती. त्या कोपऱ्यावर अम्माच्या नावानं पाणपोई बांधायला नगरसेवक तयार झाला होता आणि तिला दगड हवा होता.

"दीदी, तिचा फोटो नाय, घर भाड्याचं होतं. तिचं म्हणायला आता हा कोपराच हाय. लिव्हा, 'अम्मा इथं उभी होती.'"

मी काळा दगड काढला, खडूनं ओळ आखली.

ही खबर अम्माच्या गावी, देवगाव रंगारीला पोचली आणि अम्माचा धाकटा भाऊ जीप घेऊन हजर झाला. इतकी वर्षं हा माणूस कुठं होता, देव जाणे. खडूची ओळ वाचून तो लालबुंद झाला.

"उभी? उभी कशी? माझा भाऊ व्हता त्यो. 'उभा' लिव्हा, आन् वर 'कैलासवासी श्री' लावून आमचं नाव टाका. पाव्हण्यारावळ्यांत तोंड दाखवायचंय आम्हाला. नायतर अर्ज टाकतो, मग पाणपोई बांधून दावा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "दादा, तुमचं तोंड तुम्ही सांभाळा, माझ्या दगडाला हात लावू नका." चेलीनं माझा दंड धरला. भावानं अर्ज टाकला तर परवानगी अडकणार, आणि तो मोक्याचा कोपरा रसवंतीला नाही तर मोबाइलवाल्याला जाणार, हे तिला ठाऊक होतं.

नगरसेवकानं दोघांना बसवून तोड काढली. 'उभी'ही नको, 'उभा'ही नको, ती ओळच नको. वर नुसतं 'अम्मा', कारण चौक तिला त्याच नावानं ओळखतो. आणि भावाच्या समाधानासाठी खाली 'देवगाव रंगारीचा लेक'. झालं मिटलं, असं म्हणून तो चहा पिऊन गेला. वर आई आणि खाली मुलगा, एका दगडावर. हसावं की रडावं कळेना. चेली एवढंच म्हणाली, "नक्को दीदी, भांडू नका. दगड तर लागू द्या."

मी कोरायला बसले. लेक हा शब्द मोठा सोयीचा. मुलगाही लेक, मुलगीही लेक; काय ते ठरवायचं त्याच्या मागच्या अक्षरानं. म्हणजे सगळं येऊन अडकलं होतं 'चा'वर. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. 'चा'चा 'ची' करता येतो, कारण काना तोच राहतो, वर वेलांटीची कमान तेवढी चढवायची. 'ची'चा 'चा' मात्र करता येत नाही. कोरलेला दगड भरून निघत नाही. मी 'चा' कोरला, पण दोन ओळींमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी दगड भिंतीत बसला होता. शेवटच्या हाताला म्हणून मी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. नगरसेवक यायचा होता. एका बाजूला चेली आणि तिच्या दोन-चार मैत्रिणी, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि गावची माणसं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. एका शब्दानं तिथं हातघाई झाली असती.

भावानं जीपमधून एका म्हातारीला उतरवलं. अम्माची आई. ती काठी टेकत थेट दगडापाशी आली आणि मला म्हणाली, "मला वाचाया येत नाय. काय लिव्हलंय?"

मी वाचलं, "अम्मा. देवगाव रंगारीचा लेक."

तिनं काठीचं टोक दगडावर टेकवलं. मग म्हणाली, "चा नाय. ची."

भाऊ पुढं झाला. "आये, तू गप बस."

"गपच व्हते की. दुष्काळात आपल्या गावात टँकर आलता, कुनी आनलता? तीच आलती, साडी नेसून. वेशीपाशी हुबी ऱ्हायली. 'आये, भांडी आन' म्हनली. म्या हंडा भरला आन् तोंड फिरवून घरात गेले. तिच्या हातचं पानी प्याले, पर तिला लेक म्हनले नाय." तिचा आवाज फाटला. "लई गप ऱ्हायले. आता नाय."

भावाच्या माणसांपैकी एकानं माझ्या पिशवीवर पाय ठेवला. मी त्याच्याकडं बघितलं. भाऊही बघत होता. मग भाऊच त्याला म्हणाला, "सोड," आणि पाठ फिरवून जीपमध्ये जाऊन बसला.

मी छिन्नी काढली. भिंतीतल्या दगडावर घाव नेमका बसावा म्हणून चेलीनं माझं कोपर खालून धरलं. घाव मारताना आजूबाजूचे रिक्षावालेसुद्धा थांबले होते. वेलांटीची कमान 'चा'च्या डोक्यावर चढली, तिच्यासाठी सोडलेल्या जागेत नीट मावली. दगडाची भुकटी म्हातारीच्या पदरावर पडली, ती तिनं झटकली नाही.

"झालं?"

"झालं."

"वाच मग."

"देवगाव रंगारीची लेक."

"आनिक एकदा वाच," ती म्हणाली.