दोन झाकणं ब्रँडी

बाबांच्या औषधांची यादी माझ्या फ्रीजवर चिकटवलेली असते. सकाळचा श्वासाचा पंप, वाफ, गोळ्या, रात्रीचा पंप. पंपानंतर चूळ भरली की पुढे खूण. अकोल्याच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर कापसाची धूळ ओढलेली फुप्फुसं यादीशिवाय सांभाळता येत नाहीत.

दिवाळीनंतर बाबा महिनाभर अकोल्याला माझ्या धाकट्या भावाकडे राहिले. राजापेठेत माझ्याकडे परतले तेव्हा पिशवीत ब्रँडीची बाटली होती. रात्रीच्या खोकल्यासाठी, झोपताना गरम पाण्यात दोन झाकणं.

भावाला फोन केला. "अवं ताई, ते दारू थोडीच हाये? दवाई हाये. कसे गाढ झोपतात ते पाह्य."

खरंच झोपत होते. ना खोकला, ना उठबस. मी औषध म्हणून ते यादीत लिहिलं नाही आणि दारू म्हणून अडवलंही नाही.

आठ दिवसांत सकाळची डोकेदुखी सुरू झाली. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन एरवी ब्याण्णव दिसायचा, तो उठल्याउठल्या चौऱ्याऐंशी. चहाचा कप हातात धरून बाबा पेंगायचे.

डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतात?" आम्ही दोघंही म्हणालो, "नाही." मग मी बाटलीचं सांगितलं. दारूच्या झोपेत घसा सैल पडतो, श्वास उथळ होतो, हवा कमी पडली तरी शरीर वेळेवर जागं होत नाही, कफ आतच साचतो, असं त्यांनी समजावलं. आम्ही ज्याला आराम समजत होतो, त्यात बाबांना हवा कमी पडत होती.

संताप याचा की हाच भाऊ पंपाला नावं ठेवायचा. "सवय लागते म्हणे त्याची." जीव वाचवणाऱ्या पंपाची भीती, आणि ब्रँडी बिनधास्त.

घरी येऊन यादीखाली 'काय द्यायचं नाही' असा मथळा घातला आणि लाल पेनानं लिहिलं: दारू.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "हे कावून लिवलं वं? घरी लोकं येतात. म्या जिंदगीत दारूले हात नाही लावला."

"मंग त्या बाटलीत काय हाये, बाबा?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "ओतून टाक. आन् ते खोड पयले."

बाटली मोरीत ओतली. शब्द खोडला नाही. रविवारी भाऊ येणार होता, त्यानं तो वाचायलाच हवा होता.