बरणीतले अठरा बेडूक

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, आणि बेडकांच्या कामात तो खपूनही जातो. नखाएवढे दोन बेडूक शेजारी ठेवले तर एकाच जातीचे वाटतात. शंका घेणाऱ्यालाच नवी जात सापडते. मला ती सापडली होती. इगतपुरीच्या भातखाचरांतले नऊ बेडूक आणि वरच्या कातळावरचे नऊ. कातळावरचे चांगले दीड मिलिमीटरने लहान भरत होते.

माझ्या हाताखाली एक बाई पीएच.डी. करत होती, इगतपुरीकडचीच, दोन मुलांची आई. तिने पडताळणीसाठी बरण्यांतले अठराही बेडूक पुन्हा मोजले. तिच्या मापात दोन्हीकडचे सारखेच निघाले. खाचरांतलेही आता लहान!

"मी लय नीट मोजलंय, मॅडम. तुम्हीच एकदा बघा ना."

मी कशाला बघू? माझ्या मनात पाल चुकचुकली होती. दुसऱ्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांशी ती हल्ली फार बोलायची. माझी जात खोटी पाडून पुढे स्वतःच्या नावावर छापायची, असा सगळा डाव मीच रचला आणि तिच्या माथी मारला. कपाटाला कुलूप घालून किल्ली इंदिरानगरला घरी नेऊ लागले. तिचा फोन वाजला की मान वाकडी करून नाव वाचायचे. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. शेवटी विभागप्रमुखांना सांगितलं, ही आकडे फिरवते. त्यांनी तिला प्रकल्पातून काढलं. तिची पीएच.डी. लटकली.

महिन्याभराने लेखासाठी फोटो काढताना खाचरातला एक बेडूक पट्टीशेजारी ठेवला. पायाला मीच बांधलेली नंबराची चिठ्ठी होती. तो बरोबर तिच्या आकड्याएवढा भरला. बाकीचेही तसेच. मी मोजणीची वही काढून तारखा पाहिल्या. खाचरांतले मी आणले त्याच दिवशी, ताजेच मोजले होते आणि मग बरणीत टाकले होते. कातळावरचे परीक्षांच्या गडबडीत चार महिने अल्कोहोलमध्ये पडून होते, त्यानंतर मोजले. अल्कोहोल अंगातलं पाणी ओढतं, बेडूक आखडतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवते.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून तिच्या घरी गेले. सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने शांतपणे ऐकलं, पाणी आणून दिलं.

"हे विभागप्रमुख सरांना सांगितलं का?"

मी तिच्यासाठी इगतपुरीपर्यंत आले होते. सरांची खोली माझ्या खोलीपासून दोन दारांवर होती, आणि तिथे मी गेले नव्हते.