भाऊबीजेची बाटली

आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी न्यायची, हा आमच्या नात्यागोत्यातला अलिखित नियम. माझा थोरला भाऊ आजारी पडला तेव्हा त्याच्या घरी इतकी मोसंबी साठली की वहिनी ती शेजारीपाजारी वाटायला लागली, आणि त्यांतलेच काही शेजारी तीच मोसंबी पिशवीत घालून दादाला बघायला येतात असा मला दाट संशय होता. दादा म्हणायचा, "पुढच्या वेळी रिकाम्या हाताने ये, चालेल. पण मोसंबी आणू नकोस."

त्याला लिव्हरचा कॅन्सर होता. हे मला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, डॉक्टरांना तर होतंच. दादाला फक्त माहीत नव्हतं. आमच्याकडे रोग्याला सोडून सगळ्यांना रोग माहीत असतो. लिव्हरला सूज आहे, पथ्य पाळलं की हळूहळू उतरेल, असं त्याला सांगितलं होतं. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे हे ठरवणाऱ्या आम्ही दोघीच, आणि एकदा ठरवल्यावर ते निभावणाऱ्याही आम्ही दोघीच.

लिव्हर म्हटल्यावर लोकांना जे वाटायचं ते वाटलंच. त्याच्या सोसायटीतल्या एका गृहस्थाने मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारलं, "घेत होते का हो?" मी म्हटलं, "तुमच्याइतकी नाही." त्यानंतर त्या घरून मोसंबी आली नाहीत.

खरं तर दादा अगदी नाकासमोर चालणारा माणूस. त्याच्या कंपनीने एकदा त्याला मशीन शिकायला काही महिने इटलीला पाठवलं होतं. तिथे दुपारच्या जेवणात सगळ्यांपुढे लाल वाइनचा पेला यायचा. परत आल्यावर वर्षानुवर्षं तो त्या पेल्याबद्दल बोलत राहिला. ती कशी आधी तुरट लागते आणि मग जिभेवर कशी रेंगाळते, हे तो आमसुलाच्या साराचा भुरका मारता मारता सांगायचा. नववर्षाला आणि स्वतःच्या वाढदिवसाला एक बाटली आणायचा, वहिनीला चमचाभर द्यायचा. लिव्हरचं निघाल्यावर तेही बंद झालं, तिखट-तेलाबरोबर.

दिवाळीच्या थोडं आधी वहिनीचा फोन आला. डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावून सांगितलं होतं की आता पथ्याचा काच नको, मनाला येईल ते देत जा. ती रडली नाही, मीही नाही. मग म्हणाली, "वन्सं, ह्यांना ती वाइन आवडायची. भाऊबीजेला तुम्हीच आणा. मला नाही जमायचं त्या दुकानात जायला."

मला तरी कुठे जमत होतं? उभ्या आयुष्यात मी वाइन शॉपच्या बाजूच्या फुटपाथनेसुद्धा चालले नव्हते. आमच्या शनिवार पेठेतल्या घराजवळ एक दुकान आहे. लोखंडी जाळी, जाळीत एक चौकोनी भोक आणि त्या भोकात एकाच वेळी चार पुरुषांचे हात. मी जाऊन मागे उभी राहिले. एकाने वळून बघितलं आणि अतिशय अदबीने म्हणाला, "आजी, मेडिकल पलीकडे आहे." त्याचा हेतू चांगला होता. मी पलीकडच्या मेडिकलमध्ये गेले, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आले. स्वतःचा इतका राग आला की त्या गोळ्या तशाच फेकून दिल्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून पार बाणेरला गेले. तिथे मोठं, थंडगार, मॉलसारखं दुकान आहे, आत फिरता येतं, कोणी ओळखत नाही. बाटल्या पुस्तकांच्या दुकानासारख्या ओळीने लावलेल्या. एक काळा एप्रन घातलेली मुलगी पुढे आली. "मॅम, गिफ्टिंगसाठी बघताय का? ऑकेजन काय आहे?"

भाऊबीज म्हटल्यावर ती गोड हसली. तिलाही भाऊ असणार. मी तिला सांगितलं की लाल हवी, तुरट हवी आणि जिभेवर रेंगाळायला हवी. बाकी मला काही कळत नाही. तिने एक उंच बाटली काढून दिली. ही खूप छान आहे म्हणाली, पण लगेच उघडू नका, तीन-चार वर्षं ठेवलीत तर अजून खुलेल. मी ती बाटली हातात धरून उभी राहिले. तीन-चार वर्षं. कपाटात ठेवलेली बाटली तीन-चार वर्षं काही न करता आणखी चांगली होत जाते, आणि माझा भाऊ पथ्य पाळून, औषधं घेऊन, सगळ्यांचं ऐकून दर आठवड्याला अर्धा होत चालला होता. मला त्या बाटलीचा हेवा वाटला. हे लिहायला विचित्र वाटतं, पण वाटला.

मी म्हटलं, "ठेवायची नाही. लगेच प्यायची अशी दे."

मग तिने दुसरी काढली. ही आत्ताच प्यायची, ठेवून उपयोग नाही, ठेवली तर उतरत जाते, असं म्हणाली. शिवाय हिला फिरकीचं झाकण होतं, बुचाचं लफडं नव्हतं. दादाच्या घरी बूच काढायचा स्क्रू कुठे पडला असेल देव जाणे, म्हणून मला ते फार पटलं. तिने सोनेरी पिशवीत घालून लाल रिबन बांधून दिली. ती सोनेरी पिशवी मी कापडी पिशवीत घातली आणि वरून मेथीची जुडी ठेवली. येताना रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसले. कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटत होतं. त्याला वाचवणं माझ्या हातात नव्हतं. पण जायच्या आधी त्याने आवडीचा एक घोट घ्यावा, एवढं माझ्या हातात होतं आणि ते मी करत होते.

भाऊबीजेला दादाला पाटावर बसवणं शक्य नव्हतं. खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी दिली. वहिनीने त्याला ठेवणीतला कुडता घातला होता, तो खांद्यावरून घसरत होता. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी ओवाळली. निरांजनाच्या उजेडात त्याचे डोळे जास्तच पिवळे दिसले. औक्षण म्हणजे भावासाठी आयुष्य मागायचं असतं. मी कशासाठी हात फिरवत होते ते मलाच कळेना. तो मात्र लहानपणीसारखा टोपी नीट करून ताठ बसला होता.

मग मी ती सोनेरी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने रिबन सोडली, बाटली बाहेर काढली आणि चेहरा एकदम उजळला. दोन्ही हातांत धरून तो ती फिरवत राहिला. मला वाटलं, जिंकलं आपण.

वहिनी घाईघाईने म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, थोडी चालेल."

दादा लेबल वाचत होता, तो वाचायचा थांबला. त्याने मान वर करून आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वहिनी पेले आणायला आत गेली.

"माझं पथ्य सुटलं म्हणायचं," तो म्हणाला.

मी निरांजनाची वात सारखी करत बसले.

"पथ्य दोनदाच सुटतं गं. माणूस बरा झाला की, नाहीतर मग." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "मी बरा झालेलो नाही, एवढं मला कळतं."

इतक्या शहाण्या बायका आम्ही. महिनोन्‌महिने फाइली लपवल्या, फोन गॅलरीत जाऊन घेतले, भेटायला येणाऱ्यांना दारातच पढवून ठेवलं. आणि ज्या माणसाला लिंबाचं लोणचं चाटायची बंदी होती त्याच्या हातात बाटली दिली. तो काय समजेल, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, आम्ही तर शब्दही उच्चारला नव्हता. मला रडू फुटलं तसा त्याने माझा हात धरला. त्याच्या हाताला वजनच नव्हतं.

"हिला कळू देऊ नकोस, मला कळलंय ते," तो म्हणाला. "तिला झेपायचं नाही."

तेवढ्यात वहिनी आली. लग्नात आलेले काचेचे पेले तिने धुऊन, पुसून ट्रेमध्ये मांडून आणले होते. दादा तिला म्हणाला, "आज नको. फेब्रुवारीत आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे ना? तोवर मी जरा उभा राहतो, मग उघडू." आणि वहिनीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. तिला खरंच वाटलं. डॉक्टरांनी सांगूनही, सगळं ठाऊक असूनही, त्याच्या तोंडून फेब्रुवारी ऐकल्यावर क्षणभर तिला खरंच वाटलं. तिने बाटली उचलून शोकेसमध्ये ठेवली. आणि त्याची नजर बाटलीमागोमाग शोकेसपर्यंत गेली, ती मी बघितली. त्याला प्यायची होती. एक घोट घेतला असता तर सगळं कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून त्याने घेतली नाही. मी त्याच्यासाठी आणलेला घोट मीच त्याच्या तोंडचा काढून घेतला.

दादा संक्रांतीच्या आधी गेला. त्याच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरेना तेव्हाही ती बाटली शोकेसमध्येच होती.

फेब्रुवारीत त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला वहिनी एकटी नको म्हणून मी जेवायला गेले. तिने आमसुलाचं सार केलं होतं. वहिनी वर्तमानपत्रात रोजचं भविष्य सोडून काही वाचत नाही, म्हणून हे सगळं त्यात लिहायची मला भीती नाही. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "ह्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, वन्सं. तेवढं एक आपण चांगलं केलं."

मी हो म्हटलं.

मग तिने पदराने शोकेसची काच पुसली, बाटली काढून तीही पुसली. पुन्हा जागेवर ठेवताना तिने विचारलं, "ही अशी ठेवली तर खराब होते का हो?"

"नाही," मी म्हटलं. "ठेवली तर आणखी चांगली होते."