एक हजार नऊ लाडू

एक हजार नऊ ही मूळ संख्या आहे. हे सांगण्याच्या नादात मी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न जवळजवळ मोडलं.

वरपक्ष धरणगावाकडचा. त्यांनी हुंडा मागितला नाही. शिदोरीला बुंदीचे एक हजार एक लाडू तेवढे मागितले. मी तेव्हा जळगावला बी.एस्सी.ला होतो (विषय गणित, त्यामुळे घरात कुणी उलट बोलत नसे). मी आबांना म्हणालो, "एक हजार एक? छे! सातानं भाग जातो, अकरानं जातो, तेरानंही जातो. सगळीकडून फुटणारा आकडा! शकूच्या संसाराला शोभतो का?"

"मग किती द्यायचे?"

"एक हजार नऊ. डोकं आपटलं तरी भाग जाणार नाही!"

आई म्हणाली, "अरे, मागितले तेवढे द्यावेत." आबा म्हणाले, "गप गं, पोरगा शिकलेला आहे." कोठीतले शेवटचे आठ लाडू मी स्वतः टोपलीत टाकले.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी नवरदेवाचे काका (सगळे त्यांना नाना म्हणत) मांडवात सतरंजीवर बसले आणि लाडवांचे वाटे करू लागले. त्यांच्या भाऊबंदांची तेरा घरं. दर घराला सत्त्याहत्तर, ही पिढीजात रीत. वाटे झाले. आठ लाडू उरले!

"हाई काय शे?" नाना म्हणाले. "आठ लाडू कोना घर जातीन?"

मी ऐटीत पुढे झालो. "उरणारच, नाना! तेराच काय, या आकड्याला कशानंही भाग जात नाही. मी मुद्दाम दिलाय!"



"मुद्दाम?" नाना उठले. "आमनामा भाऊबंदकी लावस का रे? सोडा रे बैल!"

बैल सुटले म्हणजे वरात निघत नाही. शकू रडायचं विसरून माझ्याकडे बघायला लागली.

घरटी एकेक यावा म्हणून आबांनी आणखी पाच लाडू देऊ केले, पण कोठी रिकामी आणि आचारी कढई घासत बसलेला. आठ परत घ्यावेत, तर लेकीला दिलेली शिदोरी बाप परत घेत नाही. मी विळी मागवली. "प्रत्येक घराला आठ-तेरांश लाडू येतो," एवढंच म्हणालो, तर नवरदेवाची आई ओरडली, "शिदोरीना लाडू कापस? अपशकुन्या!"

अखेर नानांनीच विचारलं, "शकूनासंगे पाठराखा कोण येवाना शे?"

"मी," मी म्हणालो. (दुसरं कोणी तयार नव्हतं.)

"मंग तू आते आमना पाव्हणा. बठ्ठा लाडू तूच खाय. आठेच!" (बठ्ठा म्हणजे सगळे, आणि आठे म्हणजे इथे.)

लाडू मोसंबीएवढे होते. दोन आवडीनं खाल्ले, तिसरा अब्रूसाठी, पुढचे शकूसाठी. सातव्याला तेरा घरांतली माणसं भोवती जमून "खाय, खाय!" म्हणत होती. बैल पुन्हा जुंपले गेले.

शकू आईच्या गळ्यात पडली. सगळा मांडव रडला. माझ्या डोळ्यांतून तर धारा लागल्या होत्या. बायका हळहळल्या, "बहिणीवर काय जीव आहे हो!"

त्यांना काय सांगणार? तोंड उघडायची सोय नव्हती; आठवा लाडू घशात अडकला होता.